काफे ताकूबा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पॅनिश शिकायला लागलेली मुलं, लॅटिन अमेरिकेतलं संगीत नव्याने ऐकणारे श्रोते आणि मेक्सिकोला जाऊन आलेले मित्र या बँडबद्दल साधारण तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. स्पॅनिशमधल्या रॉकबद्दल एकच बँड सांगा असं कुणी म्हणालं, तर मी काफे ताकूबाचं नाव घेतो. का, ते पुढे वाचताना कळेलच.

हा बँड कुठला आणि त्यात कोण कोण आहे?

मेक्सिकोचा. नेमकं सांगायचं तर मेक्सिको सिटीच्या वायव्येला लागून असलेल्या सियुदाद सातेलिते या उपनगराचा. चौघे जण आहेत. रुबेन अल्बारान गातो, होसेलो रान्हेल गिटार वाजवतो, त्याचा भाऊ किके रान्हेल बास सांभाळतो आणि एमानुएल देल रेआल, ज्याला सगळे 'मेमे' म्हणतात, तो कीबोर्ड वाजवतो, ताल रचतो, मेलोडिका नावाची छोटी पेटी फुंकून वाजवतो आणि कधी कधी मुख्य गायकही होतो. १९८९ मध्ये बँड सुरू झाला आणि तीन दशकं उलटून गेल्यावरही चौघे तेच. रॉकच्या जगात ही गोष्ट फार दुर्मीळ आहे.

सियुदाद सातेलिते समजून घ्या, म्हणजे बँड अर्धा कळला. १९५० च्या दशकात वास्तुरचनाकार मारिओ पानी यांच्या आराखड्यावर हे उपनगर उभं राहिलं. रुंद रस्ते, मोटारगाड्या, स्वतंत्र घरं, अमेरिकी धर्तीवरचं मध्यमवर्गीय आयुष्य. प्रवेशापाशी महामार्गाच्या मधोमध लुईस बारागान आणि मातियास गोएरित्झ यांनी उभारलेले पाच रंगीत त्रिकोणी मनोरे आजही आहेत. तिथे वाढणाऱ्या पोरांच्या कानावर एकीकडे इंग्रजी रॉक पडत होतं, तर दुसरीकडे स्वयंपाकघरातल्या रेडिओवर बोलेरो आणि रांचेरा या जुन्या धाटणीची गाणी चालू असायची. ही पोरं घरच्या रेडिओला विसरली नाहीत.

नाव असं का?

मेक्सिको सिटीच्या जुन्या भागात ताकूबा नावाच्या रस्त्यावर १९१२ पासून 'काफे दे ताकूबा' नावाचं उपाहारगृह चालू आहे. निळ्या-पांढऱ्या टाइल्स, उंच कमानी, मोले या मसालेदार रश्शाची चव. त्या जागेवरून बँडने नाव घेतलं. पुढे कायदेशीर कटकट नको म्हणून नावातल्या एका अक्षराचं स्पेलिंग बदललं, उच्चार मात्र तोच राहिला. त्याआधी याच मंडळींचा 'आलिसिया या नो विवे आकी' नावाचा बँड होता. तेव्हा ते द क्युअर आणि द स्मिथ्ससारख्या ब्रिटिश बँडच्या प्रभावाखाली होते.

त्याआधी मेक्सिकोत रॉक नव्हतं का?

होतं, पण त्याला तळघरात ढकललं होतं. सप्टेंबर १९७१ मध्ये आवांदारो इथे मोठा रॉक महोत्सव झाला. २ ऑक्टोबर १९६८ ला मेक्सिको सिटीतल्या त्लातेलोल्कोच्या चौकात विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्याला तेव्हा तीनच वर्षं झाली होती. हजारो तरुण एका जागी जमलेले पाहून सरकार आणि प्रतिष्ठित समाज दोघंही बिथरले. त्यानंतर रॉकचे जाहीर कार्यक्रम जवळपास बंद पडले, रेडिओनेही पाठ फिरवली. शहराच्या कडेच्या वस्त्यांत, पडक्या गोदामांत आणि रिकाम्या शेडमध्ये कार्यक्रम व्हायचे. अशा अड्ड्यांना 'ओयोस फोंकिस' म्हणत.

१९८० च्या दशकात हे कोंडलेपण सैल झालं. १९८० मध्ये एल चोपोचा बाजार सुरू झाला. तिथे लोक रेकॉर्डांची अदलाबदल करायचे. १९८५ च्या भूकंपात सरकार हातावर हात ठेवून बसलं आणि तरुणांनी स्वतः ढिगारे उपसले. त्या पिढीला आपल्या शहराकडे नव्या नजरेने बघायची सवय लागली. मग रेकॉर्ड कंपन्यांनी 'तुमच्या भाषेतलं रॉक' अशी जाहिरात करून अर्जेंटिना आणि स्पेनचे बँड मेक्सिकोत आणले, आणि देशी बँडनाही दारं उघडली. १९८८ मध्ये काइफानेस या बँडने 'ला नेग्रा तोमासा' हे जुनं क्युबन गाणं कुम्बिया या लॅटिन अमेरिकी नाचाच्या ठेक्यावर वाजवलं आणि ते तुफान खपलं. काळे कपडे घालणारा, उदास सुरांचा रॉक बँड कुम्बिया वाजवतो आणि लोक नाचतात! काफे ताकूबाची वाट मोकळी व्हायला ते गाणं कारण ठरलं असं मी मानतो.

मग यांनी वेगळं काय केलं?

स्पॅनिशमध्ये गाणारे बँड तोवर बरेच झाले होते. बहुतेकांचं संगीत मात्र लंडन-न्यूयॉर्कचंच असायचं, फक्त शब्द स्पॅनिश. काफे ताकूबाने संगीताच्या मुळालाच हात घातला. बोलेरो, उत्तरेचं अकॉर्डियनवालं नोर्तेन्यो, उआस्तेका प्रदेशातलं लोकसंगीत सोन उआस्तेको, ट्रम्पेट-ट्युबावाल्या पथकांचं बांदा, कुम्बिया हे सगळं रॉकच्या पंक्तीला बसवलं. वरून चव यावी म्हणून शिंपडलेलं नव्हे, तर गाण्याचा कणाच त्यातून घडवलेला. बोलेरो म्हणजे तिकडचं हळवं प्रेमगीत, आपल्याकडच्या भावगीतासारखं रेडिओवरून घराघरात पोचलेलं. ते पंक बँडच्या मंचावर गंभीरपणे गायचं, टवाळी म्हणून नाही, हे धाडस त्यांनी केलं.

सुरुवातीला मेक्सिको सिटीच्या कोयोआकान भागातल्या 'एल इहो देल कुएर्वो' या ठिकाणी ते वाजवायचे. लेखक-कलावंतांची ती बसायची जागा. साधी गिटार, उभा मोठा बास, मेलोडिका आणि एक ड्रम मशीन एवढाच सरंजाम. होसेलो आणि रुबेन विद्यापीठात ग्राफिक डिझाइन शिकत होते. पोस्टरपासून कपड्यांपर्यंत सगळ्यात ती नजर दिसते.

बँडला ड्रमर का नाही?

आधी ड्रमर मिळाला नाही, आणि मग ड्रम मशीनचाच त्यांना लळा लागला. मेमे ते यंत्र प्रोग्राम करायचा. पोल्का असो की स्का, यंत्राचा कोरडा ठेका खाली आणि रुबेनचा चिरका, उसळता आवाज वर, यातूनच त्यांचा सुरुवातीचा नाद घडला. २००३ च्या अल्बमपर्यंत हे असंच चाललं. नंतरच्या दौऱ्यांत लुईस लेदेस्मा ड्रम वाजवू लागला, पण बँडचे सदस्य चारच राहिले.

गुस्तावो सांताओलाया यांचं नाव सारखं येतं. ते कोण?

अर्जेंटिनाचे संगीतकार. तरुणपणी 'आर्को इरिस' या बँडमधून त्यांनी रॉक आणि लोकसंगीत एकत्र आणलं, लष्करी राजवटीच्या काळात देश सोडला आणि लॉस एंजेलिसमध्ये स्थायिक झाले. पुढे 'ब्रोकबॅक माउंटन' आणि 'बाबेल' या चित्रपटांच्या संगीतासाठी लागोपाठ दोन वर्षं ऑस्कर मिळालं तेच हे. त्याच्या खूप आधी, १९९० च्या सुमारास, ते मेक्सिकोत नवे बँड शोधत फिरत होते. 'माल्दिता बेसिंदाद' आणि काफे ताकूबा ही त्यांची निवड. निर्माता म्हणून त्यांचं मोठं काम असं, की पोरांच्या विचित्र कल्पना त्यांनी छाटल्या नाहीत. आपल्या मातीतला सूर लपवू नका, तोच पुढे करा, असा त्यांचा आग्रह असायचा.

पहिल्या अल्बममध्ये काय होतं?

१९९२ मध्ये बँडच्याच नावाचा पहिला अल्बम आला. 'मारिया' हे मध्यरात्री शहरात दिसणाऱ्या एका गूढ बाईचं गाणं, 'रारोतोंगा' हे लोकप्रिय चित्रकथेतल्या नायिकेवरचं. 'लास बातायास' हे होसे एमिलिओ पाचेको यांच्या १९८१ च्या कादंबरीवर बेतलेलं. त्या कादंबरीत एक शाळकरी मुलगा मित्राच्या आईच्या प्रेमात पडतो. पाचेको हे मेक्सिकोचे फार मोठे कवी-लेखक. एका रॉक बँडने त्यांची कादंबरी तीन मिनिटांच्या उड्या मारायला लावणाऱ्या गाण्यात बसवली, आणि मेक्सिकोतल्या कित्येक मुलांनी गाणं ऐकून मग पुस्तक हातात घेतलं.

पुढच्या वर्षी, १९९३ मध्ये, एमटीव्हीची लॅटिन अमेरिकेसाठीची वाहिनी सुरू झाली. मेक्सिकोतला बँड चिली, कोलंबिया, अर्जेंटिनात एकाच वेळी दिसू लागला. या बँडच्या उदयात त्या वाहिनीचा वाटा मोठा आहे, हे मान्य करावंच लागतं.

'रे' या अल्बमला एवढं का मानतात?

कारण तो खरंच तेवढा मोठा आहे. १९९४ चा हा अल्बम. वीस गाणी, आणि लागोपाठची दोन गाणी एकाच जातीची सापडणं कठीण. सुरुवात 'एल आपारातो'ने होते, आदिवासी समूहगानासारखा घोष आणि त्यात आकाशातून आलेलं यान. लगेच 'ला इंग्राता', उत्तर मेक्सिकोतल्या अकॉर्डियनवाल्या पोल्काच्या ठेक्यावर पळणारं. 'एल बोर्रेगो'मध्ये जड, घरघरणाऱ्या गिटारी. त्यातला माणूस आज अराजकवादी, उद्या पर्यावरणवादी, परवा आणखी काही, म्हणजे कळपातलं मेंढरूच. त्याला खेटून येतं 'एसा नोचे', गळा भरून आणणारं बोलेरो.

'एल मेत्रो' मुद्दाम ऐका. एक माणूस भुयारी रेल्वेत शिरतो आणि बाहेरच पडू शकत नाही. दिवस जातात, तो गर्दीत अडकलेला. मेक्सिको सिटीची भुयारी रेल्वे संध्याकाळी कशी भरते हे माहीत असेल तर गाणं अंगावर येतं. मुंबईच्या लोकलमध्ये सव्वासहाला चढणाऱ्याला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. 'त्रोपिको दे कान्सेर'मध्ये तेलाच्या उद्योगात काम करणारा अभियंता नोकरी सोडतो. प्रगती म्हणजे काय, हा प्रश्न तिथे भाषण न देता उभा राहतो.

माझ्या मते अल्बमचं काळीज 'एल फिन दे ला इन्फान्सिया'त आहे. सिनालोआच्या बांदा पथकासारखे ट्रम्पेट आणि ट्युबा दणाणतात. त्या काळी शहरी सुशिक्षित लोक या बांदा संगीताला गावंढळ म्हणून नाक मुरडायचे. आणि नेमक्या त्याच संगीतावर बँड विचारतो, की आपण आपल्या बळावर नाचू शकू का? गाण्याच्या नावाचा अर्थ 'बालपणाचा शेवट'. दुसऱ्यांकडे बघून पाऊल टाकण्याचे दिवस संपले, हे त्यांनी नाचता नाचता सांगून टाकलं.

वर्षही लक्षात घ्या. १ जानेवारी १९९४ ला अमेरिका आणि कॅनडाबरोबरचा मुक्त व्यापार करार लागू झाला आणि त्याच पहाटे दक्षिणेकडच्या चियापास राज्यात सापातिस्ता आदिवासींनी उठाव केला. मार्चमध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराची भर सभेत हत्या झाली. डिसेंबरात पेसो कोसळला. देश एका बाजूला श्रीमंत देशांच्या पंक्तीत शिरल्याची स्वप्नं बघत होता आणि दुसऱ्या बाजूला त्याचं विसरलेलं अंग जागं होत होतं. 'रे'मधली अकॉर्डियन आणि गरगरणारे सिंथेसायझर शेजारी शेजारी ऐकताना ते वर्ष ऐकू येतं. २०१२ मध्ये रोलिंग स्टोन मासिकाने लॅटिन रॉकच्या सर्वश्रेष्ठ दहा अल्बमची यादी केली, तेव्हा पहिला नंबर 'रे'ला दिला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्यांची गाणी गायलेला अल्बम कोणता?

'आवालांचा दे एक्सितोस', १९९६. आठ गाणी, सगळी इतरांची. डॉमिनिकन गायक हुआन लुईस गेर्रा यांचं 'ओहाला के युएवा काफे' त्यांनी थेट उआस्तेका प्रदेशातल्या सोनच्या ढंगात नेलं. त्यात लोकवादक आलेहान्द्रो फ्लोरेस यांचं व्हायोलिन असं काही धावतं, की मूळ गाणं विसरायला होतं. फ्लोरेस पुढे मंचावर इतके नियमित दिसू लागले की चाहते त्यांना पाचवा सदस्य म्हणू लागले. 'चिलांगा बांदा' हे हाइमे लोपेस यांचं गाणं राजधानीतल्या रस्त्यावरच्या बोलीत आहे. ओळीओळीत 'च'चा मारा. मेक्सिकोबाहेरच्या स्पॅनिशभाषकांनाही त्यातले निम्मे शब्द लागत नाहीत, तेव्हा आपल्याला कळलं नाही तर मनाला लावून घेऊ नये.

'रेवेस / यो सोय' ऐकायला जड का जातो?

१९९९ मध्ये लोकप्रियतेच्या ऐन भरात त्यांनी जोड अल्बम काढला आणि त्यातला एक पूर्ण भाग शब्दांविना, निव्वळ वाद्यसंगीताचा ठेवला. कित्येक रचनांना नावंसुद्धा नाहीत, नुसते आकडे. रेडिओला यातलं काय वाजवायचं ते कळेना, आणि खपाच्या दृष्टीने अल्बम मागेच पडला. २००० मध्ये लॅटिन ग्रॅमी पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले तेव्हा सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचा मान मात्र यालाच मिळाला. 'यो सोय' या गाण्यांच्या भागातलं 'ला लोकोमोतोरा' आधी ऐका, वाद्यसंगीताकडे सावकाश वळा. घाईत ऐकायचं हे काम नव्हे.

याच काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रोनोस क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या चमूशी त्यांचं सूत जुळलं. २००२ मध्ये क्रोनोसने मेक्सिकन संगीतावर 'न्यूएवो' नावाचा अल्बम केला, त्यात '१२/१२' ही काफे ताकूबाची दीर्घ रचना आहे. क्रोनोस हे नाव मराठी रसिकांना अनोळखी नसावं. २००५ मध्ये याच चमूने आशा भोसले यांच्याबरोबर राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांचा अल्बम केला होता. दोन्ही अल्बम एकापाठोपाठ ऐकले, की परक्या संगीताचा मान राखून त्यात शिरायचं कसं, हे या चौघांना किती चांगलं साधतं ते लक्षात येतं.

'एरेस' हे गाणं सगळ्यांना माहीत असतं. ते कुठलं?

२००३ च्या 'क्वात्रो कामिनोस' अल्बममधलं. गायलंय मेमेने. साधं, सरळ प्रेमगीत, लॅटिन अमेरिकेत लग्नांत वाजतं, मुलं गिटार शिकताना पहिल्यांदा हेच वाजवतात. २००४ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट रॉक गाण्याचा लॅटिन ग्रॅमी मिळाला आणि अल्बमला अमेरिकेतला ग्रॅमीही. या अल्बमवर पहिल्यांदा हाडामांसाचे ड्रमर आले, आणि सांताओलायांबरोबर डेव्ह फ्रिडमन, अँड्र्यू वाइस हे अमेरिकी निर्मातेही. अल्बमचं नाव सातेलितेच्या वाटेवर लागणाऱ्या भुयारी रेल्वेच्या स्टेशनाचं आहे.

गायकाचं नाव प्रत्येक ठिकाणी वेगळं का दिसतं?

कारण रुबेन अल्बारान दर काही वर्षांनी नाव बदलतो. हुआन, कोस्मे, आनोनिमो, एल्फेगो बुएंदिया, सिसू यांत्रा, अशी यादी लांबलचक आहे. नव्या अल्बमबरोबर नवं नाव, नवे केस, नवे कपडे. प्रसिद्धीचं ओझं एकाच चेहऱ्यावर बसू द्यायचं नाही, असा त्यामागचा विचार मला दिसतो. नावं बदलली तरी आवाज पहिल्या ओळीला ओळखू येतो.

'ला इंग्राता' त्यांनी गाणं बंद केलं, हे खरं आहे का?

खरं आहे. हे त्यांचं सर्वांत लाडकं गाणं, कार्यक्रमात लोक याचीच वाट बघायचे. पण शब्द नीट ऐका. सोडून गेलेल्या, कृतघ्न प्रेयसीला नायक सुनावतो आणि शेवटी तिला दोन गोळ्या घालण्याची भाषा करतो. १९९४ मध्ये जुन्या रांचेरा गाण्यांच्या धाटणीचं विडंबन म्हणून ते चालून गेलं. मेक्सिकोत मात्र बायकांच्या हत्या वर्षानुवर्षं होत राहिल्या आणि त्याविरुद्धचा आक्रोश वाढत गेला. २०१७ मध्ये बँडने सांगितलं की आता हे गाणं गाणार नाही. हिंसेचं कारण एक गाणं नसतं, पण ती साहजिक वाटावी यात गाण्यांचाही हातभार लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यावर बराच गदारोळ झाला. कला आहे, काय फरक पडतो, असं कित्येक जण म्हणाले. मला त्यांचा निर्णय पटतो. कुणी बंदी घातली नव्हती, कुणी खटला भरला नव्हता. ज्या गाण्यावर हमखास टाळ्या मिळतात ते गाणं स्वतःहून बाजूला ठेवायला मन लागतं. २०१९ मध्ये, मेक्सिको सिटीतल्या विद्यापीठाच्या नेसाउआल्कोयोत्ल सभागृहात झालेल्या एमटीव्ही अनप्लग्ड या साध्या, बिनविजेच्या वाद्यांवरच्या कार्यक्रमात, ते गाणं परत आलं. कोलंबियाच्या आतेर्सिओपेलादोस बँडची गायिका आन्द्रेआ एचेवेरी ते गायली आणि आता बोलणारी व्यक्ती ती बाई होती, शब्द नव्याने लिहिलेले. चाल तीच, ठेका तोच. पूर्वी जिला नुसतं सुनावलं जायचं, तिला उत्तर देण्याची जागा मिळाली.

ते राजकारणावर बोलतात का?

बोलतात, मंचावर आणि मंचाबाहेर. सापातिस्ता चळवळीला त्यांनी उघड पाठिंबा दिला. २०१२ मध्ये विरिकुता महोत्सवात ते वाजले. विरिकुता ही विशारिका आदिवासींची पवित्र भूमी, तिथल्या खाणप्रकल्पांविरुद्धच्या लढ्यासाठी तो महोत्सव भरला होता. रुबेन या बाबतीत सर्वांत आघाडीवर असतो.

स्पॅनिश येत नाही. सुरुवात कुठून करू?

भाषेवाचून अडत नाही. पहिलं 'एरेस', दुसरं 'लास फ्लोरेस', तिसरं 'ओहाला के युएवा काफे'. ही तीन आवडली तर १९९५ चं पहिलं अनप्लग्ड ऐका. ते अल्बम म्हणून बाजारात यायला २००५ उजाडलं, पण त्यात तरुण बँडची सगळी ऊर्जा आहे. मग 'रे' सलग ऐका, मधलं एकही गाणं न गाळता. 'लिटल बिग प्लॅनेट' हा व्हिडिओ गेम खेळला असेल तर २००७ च्या 'सिनो'मधलं 'बोल्वेर आ कोमेन्सार' तुमच्या कानावरून नकळत आधीच गेलं आहे.

स्पॅनिश शिकत असाल तर 'लास बातायास' आणि पाचेको यांची छोटीशी कादंबरी एकत्र घ्या. कादंबरीतली भाषा सोपी आहे आणि गाण्यातल्या ओळी तिच्यात भेटत राहतात. 'चिलांगा बांदा' शेवटी ठेवा, आणि शक्य असेल तर मेक्सिको सिटीच्या एखाद्या माणसाला शेजारी बसवून ऐका.